यजमानाचा चेंडू

1936 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ध्यानचंद आणि त्यांचे जबलपुरात जन्मलेले धाकटे भाऊ रूपसिंह हॉकीत गोलांची रास घालत होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक गोऱ्या लोकांना कबड्डी करून दाखवत होतं. आणि जर्मन मंडळी ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदाच हँडबॉल खेळत होती. अकरा-अकराचे संघ, मोकळं मैदान.

कबड्डीला टाळ्या मिळाल्या, हँडबॉलला पदकं. कारण सोपं आहे. खेळ जर्मनांचा, अंगणही जर्मनांचं. जेमतेम सहा संघ जमले. यजमानांनी हंगेरीला 22-0 आणि अमेरिकेला 29-1 असं धुतलं आणि भर पावसात, लाखभर प्रेक्षकांपुढे ऑस्ट्रियाला 10-6 हरवून सुवर्ण खिशात घातलं. (अमेरिकेची मात्र कीव येते. चारच वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला, त्यांच्याच घरी, आपण त्यांना हॉकीत 24-1 झोडपलं होतं. त्यातले दहा गोल एकट्या रूपसिंहांचे.)

जर्मनांचं यजमानपद संपलं, तसा हँडबॉलही पदकांच्या यादीतून गेला. परत आला 1972 मध्ये, सात-सात खेळाडूंचा होऊन, छपराखाली. कुठे? म्युनिकला!

म्हणजे ऑलिंपिकमध्ये शिरायचं तर यजमानाचं बोट धरावं, हे हँडबॉलने फार लवकर ओळखलं. आपल्याला ते 1982 मध्ये दिल्लीतही उमगलं नाही. त्या एशियाडमध्ये हँडबॉल पदकांसाठी पहिल्यांदा आला आणि चीन सुवर्ण घेऊन गेला. आपली कबड्डी आपल्याच घरी प्रात्यक्षिकापुरती! पाहुण्याला पाट आणि घरच्या सुनेला ओटा. कबड्डीला पदकं मिळाली 1990 मध्ये, बीजिंगला, चीनच्या दारात.

आता अक्कल आली आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये आपण 2036 च्या यजमानपदासाठी इरादापत्र धाडलं. ते मिळालं तर कबड्डी, खो-खो, योग सगळं आत घ्यायचा बेत आहे. छान आहे. पण यजमानाच्या ताटात आणखी एक पदार्थ आपोआप पडतो, त्याचं कुणी नाव घेत नाही. हँडबॉलमध्ये यजमानाला पात्रता फेरी नसते. थेट बारा संघांत. ज्या देशाला एशियाडमध्ये हँडबॉलचं एकही पदक मिळालेलं नाही, तो थेट डेन्मार्क-फ्रान्सच्या पंगतीला.

तिथे काय होतं ते ब्रिटनला विचारा. 2012 मध्ये लंडनला यजमान म्हणून त्यांचे दोन्ही संघ उतरले. पुरुष पाच सामने हरले, त्यातला फ्रान्सविरुद्धचा 44-15. महिलाही पाचच्या पाच हरल्या. वर्ष संपायच्या आत सरकारी निधीचा नळ बंद. मांडव उतरल्यावर आचाऱ्याला कोण विचारतो?

दुसरा मार्ग कतारचा. 2015 ची जागतिक स्पर्धा घरी होती, तर त्यांनी ठिकठिकाणचे खेळाडू नागरिक करून घेतले. प्रशिक्षकही आणला तो दोन वर्षांपूर्वी स्पेनला जगज्जेता करणारा. अंतिम फेरी गाठली, फ्रान्सकडून 25-22 असे हरले. नावं ठेवा खुशाल, पण त्यांनी वेळेवर खर्च केला. आपण वेळेवर समिती नेमू.

तिसरा मार्ग आइसलँडचा. वस्ती तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास, म्हणजे जबलपूरच्या निम्मीही नाही, आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हँडबॉलचं रौप्य. हा मार्ग आपल्याला परवडणारा नाही, कारण त्यात लहान मुलांना दररोज खेळू द्यावं लागतं.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं मात्र म्हणू नका. जून 2023 मध्ये जयपूरला हँडबॉलची व्यावसायिक लीग झाली आणि ‘महाराष्ट्र आयर्नमेन’ने अंतिम सामन्यात उत्तर प्रदेशला 38-24 असं लोळवलं. तुम्हाला हे आत्ताच कळलं असेल तर लाजू नका. गावभर गुलाल उधळलेला कुणालाच आठवत नाही.

खरं तर जबलपूर या खेळासाठी घडवलेलं गाव आहे. ग्रेनेडियर्सचं केंद्र इथे, जम्मू-काश्मीर रायफल्सचंही इथे. हाताने नेमकं फेकायचं कसं, हे या गावाला बाहेरच्याने शिकवायला नको. पण गावाचा आपल्या माणसांबाबतचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. रूपसिंह जन्मले जबलपुरात, नाव लागलं ग्वाल्हेरच्या मैदानाला. तेही मुळात हॉकीचं, पुढे क्रिकेटचं झालं. आणि देशाला ते नाव पाठ झालं केव्हा? 24 फेब्रुवारी 2010 ला, सचिनने तिथे नाबाद 200 केले तेव्हा.

2036 ला भारताच्या संघात असायचं तर पोरगं आज दहा-बारा वर्षांचं असायला हवं. समजा, असं एखादं पोरगं जबलपूरच्या गोलबाजारातल्या कुठल्या मराठी घरात आहे आणि त्याने हँडबॉल खेळायचं डोक्यात घेतलं आहे. आई पहिला प्रश्न विचारेल, “यात नोकरी आहे का रे?” आहे, काकू. रेल्वे, सेनादल, पोलीस, सगळीकडे खेळाडूंच्या कोट्यात हँडबॉलवाले घेतात आणि पश्चिम मध्य रेल्वेचं तर मुख्यालयच तुमच्या गावात. फ्रान्सचं काय करायचं ते मुलाला रेल्वेत चिकटल्यावर ठरवू द्या.