रा. रा. टेफ्लॉन टेप यांस जाहीर पत्र

रा. रा. टेफ्लॉन टेप,
मुक्काम : फिटरचा खिसा



आपली कीर्ती थोर. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या रॉय प्लंकेट यांना गॅसच्या सिलिंडरात आपले मूळ द्रव्य अपघातानेच सापडले. पुढे भोसरीच्या शॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसखाली तेलाचे थारोळे दिसले की पहिली हाक आपल्यालाच जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. आमचा नेम ठरलेला. गळतंय? टेप मार. तरी गळतंय? अजून दोन वेढे मार.

आपण मूळचे निसरडे. त्यामुळे पाना इतका हलका फिरतो की फिटिंग कधी घट्ट झाले ते हाताला कळत नाही. टेपर, म्हणजे निमुळता, आटा आत रेटत जातो आणि ओतीव पोर्टला तडा जातो. शिवाय जोड उघडला की आपल्या चिंध्या तेलात. व्हॉल्व्हच्या स्पूलभोवतीची फट काही मायक्रॉनांची. तिथे एखादी बारीक दशी पोचली की महागडा व्हॉल्व्ह अडकून बसतो. मग दोष तेलाचा, पंपाचा, नाहीतर नाइट शिफ्टचा. आपण सदा पांढरेशुभ्र!

आपल्या आडून काय काय खपते! अर्धा इंची बीएसपीटी (ब्रिटिश टेपर आटा) आणि अर्धा इंची एनपीटी (अमेरिकन टेपर आटा), दोन्हींना इंचाला १४ आटे. एकात दुसरे गुमान शिरते. पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. आटे अंगाला अंग लावून बसत नाहीत, त्यांच्यामधून गोल गोल वाट उरते आणि २०० बार दाबाचे तेल ती बरोबर हुडकते. थ्रेड गेज काढायचा कंटाळा, म्हणून आपले दहा वेढे. पाव इंचात तर आटेही १९ आणि १८, पण रेटणारे तिथेही रेटतात.

समांतर बीएसपीला बाँडेड वॉशर सील करतो, जेआयसी फिटिंगला ३७ अंशांची शंकूसारखी बैठक. आट्याचे काम फक्त आवळून धरणे. तरी तिथेही आपली वर्णी लागतेच.

टेपर आट्याला सीलंट हवे, हे खरे. त्यासाठी अॅनएरोबिक सीलंट आहे : हवा तुटली आणि धातू लागला की आट्यातच घट्ट होते, चिंध्या सोडत नाही. नखरे मात्र आहेत. तेलकट आटे चालत नाहीत, स्टेनलेसवर रेंगाळते, आणि जमायला वेळ मागते. वेळ कोण देणार? प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे. तिथेच आपण जिंकता.

तेव्हा विनंती, की आपण नळाला, शॉवरला, गीझरला सुखाने गुंडाळून राहावे. हायड्रॉलिकच्या ट्रॉलीकडे फिरकू नये. आणि हे वाचणाऱ्या फिटरबंधूंनो, गळती बोट फिरवून शोधू नका, लांबून पुठ्ठा धरा. इतक्या दाबाच्या तेलाची बारीक धार कातडीत शिरते. भोक टाचणीएवढे दिसले, दुखत नसले, तरी त्याच क्षणी इस्पितळ गाठा.

आपला,
एक मेंटेनन्सवाला