साडेनऊ इंचांची सूट

मॉडेल रेल्वेचा नाद असलेली दोन माणसं भेटली की पहिल्या पाच मिनिटांत कुणाच्या तरी गाडीत चूक निघते, आणि तरीही दोन तासांनी दोघं आनंदात आणखी एकेक चहा मागवत असतात. क्रिकेटच्या गप्पांत किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत असं सौजन्य औषधालाही सापडत नाही. या मंडळींचा स्वभावच गोड असतो, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. इथं प्रत्येकाच्या रुळांत मुळातच खोट असते आणि ती सगळ्यांना ठाऊक असते. सगळेच आरोपी म्हटल्यावर फिर्यादी कुणी व्हायचं?

सर्वांत जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे मूळ वस्तूच्या १:८७. यात दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांशी ते चोख जुळतं. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ची. तिला १९ मिलिमीटरहून थोडे जास्त हवेत. तसे रूळ सहजी मिळत नाहीत, म्हणून आपलं डब्ल्यूडीएम-२ इंजिन परक्या रुळांवर धावतं, खऱ्या मापात साडेनऊ इंच अंग चोरून. ‘काय ऐटीत चाललंय!’ म्हणणारा आणि ते ऐकून खुलणारा, दोघंही त्या साडेनऊ इंचांकडे काणाडोळा करतात. इंग्रजांचं तर विचारूच नका. त्यांची इंजिनं मुळात अंगानं लहान, त्यामुळे सुरुवातीच्या काळच्या विजेच्या मोटारी एचओच्या पोटात मावेनात. त्यांनी इंजिनं फुगवून १:७६ची केली, रूळ मात्र तेच ठेवले. हिशोबातून सात इंच गायब झाले आणि ब्रिटनमध्ये हेच माप आजही रूढ आहे. वळणांची कथा याहून वाईट. टेबलावर सर्रास असणारी १८ इंचांची त्रिज्या खऱ्या मापात जेमतेम ४० मीटर भरते; आपली ब्रॉडगेज १७५ मीटरच्या खाली उतरायला तयार नसते. शिवाय मुंबई-पुणे १९२ किलोमीटर म्हणजे एचओत २.२ किलोमीटर. एवढी गच्ची कुठल्या सोसायटीकडे आहे? मग कल्याणनंतर लगेच लोणावळा येतं. घाट तेवढा राहतो, कारण बोगदा करायला मजा येते.

‘पण रिव्हेट मोजणारे असतात की!’ असतात. टाकीवर एक रिव्हेट कमी पडलाय, हे ते भिंग लावून सांगतात. त्यांच्यातल्या कडव्या इंग्रजांनी तर रूळही १८.८३ मिलिमीटरचे करून घेतले. पण वाफेचं इंजिन विजेवर चालतंय, हा विषय तेही काढत नाहीत. आणि फारच ताणलं तर समोरच्याकडे छंदातला पहिला नियम तयार असतो: ‘ही रेल्वे माझी आहे.’ खऱ्या रेल्वेत हे वाक्य फक्त बिनतिकीट प्रवाशाच्या तोंडी ऐकू येतं.

दुसरा आक्षेप घरातून येतो. नवंकोरं इंजिन आणायचं आणि त्याच संध्याकाळी त्यावर गंज, काजळी, तेलाचे ओघळ रंगवत बसायचं, याला काय म्हणावं? शिवाय कल्याण शेडचं डिझेल इंजिन पावसाळ्यानंतर नेमकं कुठं मळतं, यावर रात्र घालवायची! मला हा आक्षेप माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. लांबी, रुंदी, अंतर यांत खोटं बोलणं भाग आहे. मळ तेवढा खराखुरा दाखवता येतो. माणसं तिथंच रेंगाळणार. आणि काजळीची छटा चुकली म्हणून आजवर कुणी कुणाशी बोलणं टाकलेलं नाही, कारण टाकणाऱ्याचे स्वतःचे साडेनऊ इंच बाकी असतात.

तेव्हा अशा घरी गेलात तर चूक खुशाल काढा. ती यजमानाला तुमच्याआधीपासून माहीत असते. फक्त इंजिनाची किंमत घरच्यांसमोर विचारू नका. तीही त्यांना लहान मापातच सांगितलेली असते.