रात्रपाळीचे चाहते

भारतात सकाळी साडेनऊला कसोटी सुरू होते तेव्हा, हिवाळ्यात, कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. खेळ संपतो पहाटे तीनला. मग सकाळच्या मीटिंगमध्ये मराठी अभियंत्याचा कॅमेरा बंद असतो आणि दोष नेटवर्कचा असतो.

आयपीएल त्यामानाने सोज्वळ. सामना सकाळी सातला. पॉवरप्लेमध्ये मुलांचे डबे भरून होतात, उरलेली षटके ऑफिसच्या खात्यावर जमा.

२०२४मध्ये मात्र विश्वचषकच दारात आला. न्यूयॉर्कजवळ ३४ हजार आसनांचे तात्पुरते स्टेडियम उभे राहिले. वर्षानुवर्षे झोप मोडून जमवलेली निष्ठा भरदिवसा दाखवायची संधी! पण १२ जूनला समोर अमेरिका, आणि चेंडू सौरभ नेत्रवळकरच्या हाती: मुंबईचा, डावखुरा, नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याने कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवले, पाठोपाठ रोहितलाही. निळ्या जर्सीतल्या मंडळींना हळहळावे की 'आपलाच पोरगा' म्हणून टाळ्या वाजवाव्यात, कळेना. बहुतेकांनी दोन्ही केले. शेवटी भारत सात गडी राखून जिंकला, तेव्हा नागरिकत्वाचा पेचही आपोआप सुटला.

स्पर्धेनंतर ते स्टेडियम उचकटून नेले. २०२८च्या ऑलिम्पिकचे क्रिकेट लॉस एंजेलिसजवळ, पोमोनात व्हायचे आहे. या वेळी जागरणाची पाळी पुण्यातल्या काकांची. तिकडच्या भाच्यांनी त्यांना आतापासूनच सल्ले द्यायला घेतले आहेत.