दह्याचं कपाट

आमच्या स्लाउच्या घरातल्या बॉयलरला आम्ही पहिल्यापासून बंबच म्हणत आलो. त्याला कारण आई. पहिल्यांदा इंग्लंडला आली तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं कपाट उघडून तिनं आत डोकावलं. वाटोळ्या काचेतून निळी ज्योत दिसली, वर धुराडं दिसलं, आणि ती म्हणाली, "अग्गोबाई, हा तर बंब!"

तिच्या माहेरचा बंब पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला. मधे जाळ, भोवती पाणी, वर धुराडं. बॉयलरचंही तेच, फक्त गोवऱ्यांऐवजी गॅस. खरा फरक निराळाच होता. माहेरचा बंब दर दिवाळीआधी चिंच लावून लख्ख घासला जायचा. आमच्या बंबाला तेरा वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता.

अगदीच लागला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. दर दसऱ्याला आम्ही त्याला हळदकुंकू वाहत होतो, झेंडूचं फूल ठेवत होतो. आतली ती निळी ज्योत रात्रंदिवस तेवत असे. तिला पायलट म्हणतात हे मला माहीत होतं, पण आई नंदादीप म्हणायची. नंदादीप विझवून कुणी सर्व्हिसिंग करतं का?

घर 2011 साली घेतलं तेव्हा बॉयलरसोबत एक वही मिळाली होती. त्यात शेवटचा शिक्का नोव्हेंबर 2008 चा, कॉर्गीचा. मी नवखा. कॉर्गी म्हणजे राणीची कुत्री, इतकंच माझं ज्ञान. पुढे कळलं की गॅसची कामं करणाऱ्यांच्या नोंदणीसंस्थेचं ते नाव, आणि 1 एप्रिल 2009 पासून तिची जागा 'गॅस सेफ'नं घेतली. म्हणजे देशाची अख्खी व्यवस्था बदलली तरी आमच्या वहीचं पान उलटलं नव्हतं.

आता त्या दुसऱ्या कपाटाबद्दल सांगायला हवं. जुन्या इंग्लिश घरांत बॉयलर पाणी तापवून जिन्याजवळच्या एका कपाटातल्या तांब्याच्या टाकीत पाठवतो. ही टाकी सदा कोमट असते, म्हणून तिच्यावरच्या फळ्यांवर टॉवेल नि चादरी ऊबवत ठेवायच्या अशी इंग्रजांची रीत. आमचे टॉवेल थंडच राहिले. त्या फळ्यांवर दही लागायचं. इडलीचं पीठ फुगायचं. मटकीला मोड यायचे, तेही डिसेंबरात, बाहेर बर्फ पडत असताना. गल्लीतल्या तीन मराठी घरांची विरजणं आमच्याकडे मुक्कामाला असत. एवढी ऊब त्या कपाटात येते कुठून, हा प्रश्न गॅसचं बिल भरतानाही मला पडला नाही.

बंब गेला तो जानेवारीतल्या एका रविवारी, संध्याकाळी. ढुम् असा आवाज झाला आणि नंदादीप शांत झाला. मी तीनदा बटण दाबून पाहिलं. बायकोनं चौथ्यांदा दाबलं, कारण मी नीट दाबलं नसणार. घरातलं तापमान बारा अंशांवर उतरलं. केटलीत पाणी उकळायचं, बादलीत विसण करायचं, आणि पन्नाशीतल्या माणसानं टबात उकिडवं बसून तांब्यानं अंगावर घ्यायचं. आई मात्र प्रसन्न. "आंघोळ झाल्यासारखी वाटली बघ आज," म्हणाली.

मंगळवारी गॅसवाला आला. सभ्य, मितभाषी, गुडघ्यांना पॅड बांधलेला. त्यानं कपाटातून आधी दोन आकाशकंदील काढले. मग रवा-मैद्याची पिशवी. मग धुराड्याला टेकवून ठेवलेलं गणपतीचं थर्मोकोलचं मखर. ते हातात धरून तो बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी बॉयलरच्या कपाळाकडे बोट दाखवून विचारलं, "ही लाल खूण कुठल्या इंजिनिअरनं केली? आधी कुणी हा बाद ठरवला होता का?"

कुंकवाचा खुलासा इंग्रजीत करणं अवघड असतं. गुडघ्यावर बसलेल्या माणसाला करणं आणखी अवघड.

बॉयलर 1986 चा निघाला. आतला उष्णता देणारा भाग गंजून चिरलेला, धुराड्याचे सांधे सुटलेले. "कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे?" त्यानं विचारलं. होता. ड्रॉवरमध्ये. बॅटऱ्या टीव्हीच्या रिमोटमध्ये. या वायूला वास नाही, रंग नाही आणि झोपेतल्या माणसाला तो उठू देत नाही, हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की आई इंग्रजी न कळताही देवापुढे दिवा लावायला गेली. त्यानं गॅस तोडला आणि बंबाच्या छातीवर चिठ्ठी डकवली: धोका, चालू करू नये.

पुढे खरेदी. सरकार हीट पंपाला साडेसात हजार पौंड अनुदान देतं हे मी वाचलं होतं. पण त्याला आधी घराची पाहणी, मग अर्ज, मग काम. बारा अंशांतल्या कुटुंबाला पर्यावरणाचा कळवळा दोन दिवस टिकतो. कॉम्बी घ्यायचं ठरलं. भिंतीवर टांगायचं, हवं तेव्हा हवं तेवढंच पाणी तापवायचं. टाकी नको, कपाट नको. "जागा वाचेल," गॅसवाला म्हणाला. आम्ही माना डोलावल्या. त्या क्षणी एकालाही दही आठवलं नाही.

तांब्याची टाकी तो व्हॅनकडे नेऊ लागला तेव्हा आई दारात उभी राहिली. "तांबं आहे ते! फुकट नेतोय?" जुनी टाकी बसवणाऱ्यानं न्यायची हा तिथला रिवाज. पण तांबट आळीच्या वळणात वाढलेल्या बाईला रिवाज कोण सांगणार? मी दुभाष्या झालो, आणि बिलातून वीस पौंड कमी झाले. तेरा वर्षांत त्या बॉयलरनं वाचवलेले हे पहिले पैसे.

मग रेडिएटर धुतले. नळीतून काजळासारखं काळंकुट्ट पाणी निघालं. लोखंडाचा गंज तो, चुंबकाला चिकटतो. आमचे रेडिएटर वरून गरम नि खालून गार का असायचे, ते तेव्हा समजलं. मी ते पाय गार पडण्याच्या वयाच्या खात्यात टाकलं होतं.

नवा बॉयलर हुशार आहे. जुना गॅसची तिसऱ्या हिश्श्याइतकी ऊब धुराड्यातून आकाशाला आणि गळतीनं कपाटाला वाटत होता. हा धुरातल्या वाफेचंही पाणी करतो आणि तिची ऊब काढून घेतो. 2005 पासून इंग्लंडात नवा बॉयलर बहुतेक असाच घ्यावा लागतो. धुराचं पाणी एका पांढऱ्या नळीतून बाहेर ठिबकतं. कडाक्याच्या थंडीत ती नळी गोठली की बॉयलर बंद पडतो, आणि आई बाहेर जाऊन तिच्यावर तांब्यानं कोमट पाणी ओतते. दहा वर्षांची हमी आहे, पण दर वर्षी सर्व्हिसिंग केलं तरच. नंदादीप नाही. गॅसचं बिल चांगलंच उतरलं.

आणि दही लागेना. पहिल्या रात्री कपाटात ठेवलं, सकाळी दूध ते दूधच. गल्लीतली तीन विरजणं परत गेली, चेहरेही तसेच गेले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "जुना खरंच दुरुस्त होत नव्हता?"

सध्या विरजण अव्हनमध्ये ठेवतो, नुसता दिवा लावून. सकाळपर्यंत लागतं. एकदा मुलीनं न बघता पिझ्झासाठी अव्हन पेटवला आणि दोन लिटर दुधाचं पनीर झालं, म्हणून रात्री त्याच्या दारावर जुन्या बंबाचीच चिठ्ठी डकवतो: धोका, चालू करू नये.