साक्षांकन नमुना बिनचूक कसा चुकवावा

सरकारी नोकरीच्या निवड यादीत नाव आले, पेढे वाटून झाले आणि हातात साक्षांकन नमुना पडला. त्यात प्रश्न असतात: कधी अटक झाली होती का? खटला भरला गेला होता का? न्यायालयाने दंड केला होता का? आता पुढीलप्रमाणे वागावे.

१) आधी स्मरणशक्ती घालवावी. विसर्जन मिरवणुकीत डीजेपुढे झालेली हाणामारी, फाटलेला शर्ट, मग कोर्टाच्या तारखा. कट्ट्यावर हे सारे रंगवून सांगता येते. नमुन्यात मात्र सुवाच्य अक्षरात ‘निरंक’ लिहावे.

२) सल्ला घ्यावा, पण वकील सोडून. अभ्यासिकेत सात भरत्या पाहिलेला एक दादा असतोच. जामीन झाला म्हणजे केस मिटली, असे त्याचे ठाम मत असते.

३) अगदीच राहवले नाही तर उलट टोक गाठावे. हेल्मेटचे ऑनलाइन भरलेले चलान, चौथीत चोरलेल्या कैऱ्या, सगळे पुरवणी जोडून कबूल करावे. प्रश्न न्यायालयाने केलेल्या दंडाचा आहे, हे वाचत बसू नये.

४) गुन्हा क्रमांक, कलम, पोलीस ठाणे, निकालाची नक्कल असला रूक्ष तपशील टाळावा. त्याऐवजी ‘भावकीच्या राजकारणातून गोवले’ असे दोन पाने लिहावे.

५) मग निश्चिंत झोपावे. तुमचा नमुना चारित्र्य पडताळणीसाठी तुमच्याच हद्दीतल्या ठाण्यात जातो. तिथे कदाचित त्याच हवालदारांच्या टेबलावर पडतो, ज्यांनी त्या रात्री तुमचे नाव लिहून घेतले होते. ते ‘निरंक’ लिहीत नाहीत.

एवढे करूनही नोकरी हवीच असेल, तर २०१६चा अवतार सिंग खटल्याचा निकाल वाचावा. तरुण वयात घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला असला, तरी नियुक्ती अधिकारी ते लपवणे माफ करू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. करू शकतात, करतीलच असे नाही. खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळण्याचा हक्क येत नाही, हेही त्याच निकालात आहे. मात्र माहिती दडवणे हेच अपात्रतेचे कारण ठरू शकते, आणि तो इशारा नमुन्याच्या माथ्यावरच छापलेला असतो.

तेव्हा उमेदवारांनो, विचारले तेवढे, घडले तसे, निकालाच्या नकलेसह लिहा. डीजेपुढची हाणामारी एका रात्रीची होती. ‘निरंक’खालची सही मात्र सेवापुस्तक बंद होईपर्यंत मागे लागते.