चौरस सेंटिमीटरचं भाडं

मुंबईच्या लोकलचं भाडं वाढत नाही, असा एक समज आहे. कागदावर तो खराही आहे. 2025 मध्ये रेल्वेने लांब पल्ल्याच्या तिकिटांवर किलोमीटरमागे पैसा-दोन पैसे चढवले, एकदा जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात. उपनगरी तिकीट आणि पास यांना दोन्ही वेळा हात लावला नाही. हात लावणाऱ्यांचं काय होतं ते दिल्लीला ठाऊक आहे. 2012 मध्ये रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदींनी साध्या वर्गाला किलोमीटरमागे दोन पैसे आणि वरच्या वर्गांना थोडे अधिक सुचवले, तर चार दिवसांत त्यांचं मंत्रिपद गेलं. 2014 मध्ये महिन्याचा पास पंधराऐवजी तीस फेऱ्यांच्या हिशेबाने आकारायचं ठरलं. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे आठवडाही न उलटता तो बेत मागे घेतला गेला. तरी माझं म्हणणं असं, की लोकलचं भाडं वर्षानुवर्षं वाढतच आलंय. फक्त ते रुपयांत न घेता जागेत घेतलं जातं.

पुरावा देतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा 14 डब्यांत सुमारे 400 पाहुणे होते. आज ऐन गर्दीत तेवढी मंडळी एका डब्यात मावतात, आणि वर घाटकोपरला आणखी चढतात. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 उभे प्रवासी असतात, हा रेल्वेच्याच वर्तुळातला आकडा. सोळाने भागलं तर माणशी 625 चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक ए-फोर कागद. तक्रारीचा अर्ज लिहायला पुरेल, उभं राहायला नाही. फ्लॅट घेताना कार्पेट एरियाच्या एकेका फुटासाठी बिल्डरशी भांडणारा मुंबईकर इथे मात्र बोलत नाही. पास स्वस्त आहे ना, म्हणतो.

यावर कोणी म्हणेल, मग भाडं वाढवा, पैसे आले की गर्दी हटेल. रेल्वे तोट्यात आहे हे खरंच. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच वसूल होतात, हे ती आरक्षित तिकिटावर छापून आपल्याला ओशाळं करत आली आहे. पण पैसे मोजले की जागा मिळते, हे एसी लोकलने खोटं पाडलं. 2017 च्या नाताळात ती आली तेव्हा महाग म्हणून रिकामी धावायची. मे 2022 मध्ये किमान भाडं 65 रुपयांवरून 30 वर आणलं आणि ती भरली. आता दरवाजा लागेना म्हणून गाडी खोळंबते. शिवाय तिच्यासाठी रुळांवर वेगळी वेळ शिल्लक नव्हती, म्हणून साध्या गाडीची वेळ तिला दिली गेली. 2022 च्या ऑगस्टमध्ये कळवा-बदलापूरचे प्रवासी रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. अडचण तिकिटात नाही, रुळांत आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2008 मध्ये मंजूर झाली आणि 2022 मध्ये सुरू झाली. इतक्या काळात तिघांच्या बाकाच्या टोकाला, चौथ्या सीटवर बसणाऱ्याचं पोरगं कॉलेजात जाऊन स्वतः चौथ्या सीटवर बसू लागतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: हातावर पोट असलेल्याने जास्तीचे पैसे कुठून आणायचे? आणूच नयेत. पण आज तो फुकट प्रवास करतोय असंही समजू नये. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यांतली काही दगावली. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचं जाहीर झालं. दरवाजे चांगलेच; मात्र आतली माणसं तेवढीच राहिली तर जी बाहेर लटकायची ती आता फलाटावर लटकतील.

म्हणून माझी मागणी माफक आहे. 57 टक्क्यांच्या त्या ओळीसारखीच आणखी एक ओळ पासावर छापावी: ‘या प्रवासात आपणांस सरासरी 625 चौरस सेंटिमीटर जागा मिळेल.’ हा आकडा वाढेल त्या वर्षी भाडं खुशाल वाढवावं, कमी होईल त्या वर्षी उतरवावं. हिशेब अवघड नाही. वाद होईल तो चौथ्या सीटचा, कारण तिथे माणूस अर्धा बसलेला आणि अर्धा उभा असतो, आणि रेल्वे त्याला नक्कीच दोन प्रवासी धरेल.