वाकडी वाट, व्हाया बर्डी

सासुरवाडी सीताबर्डीत असली की नागपुरात पोचणं सोपं, बर्डीतून निघणं अवघड. स्टेशन हाकेच्या अंतरावर, मोरभवनचं बसस्थानक त्याहून जवळ, गणेशपेठचं एसटी स्टँडही फार लांब नाही, आणि मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तर बर्डीतच एकमेकींना छेदतात. झिरो माइलचा दगडसुद्धा पायी जाण्याजोगा. अशा ठिकाणी जावई जो सकाळी तर्री-पोह्यांना बसतो, तो उठतो तेव्हा जेवणाची ताटं घेतलेली असतात.

यंदा सुट्टी तुटपुंजी होती, तरी बायकोने तीत दोन गावं कोंबली. रामटेक आणि सेवाग्राम. एक उत्तरेच्या अंगाला पन्नासेक किलोमीटरवर, दुसरं दक्षिणेच्या अंगाला पंचाहत्तरेक. आणि दोन्हीकडे एसटीने!

"माही गाडी काऊन नाही नेत, जवाईबापू?" मेव्हण्याने विचारलं.

"मला अर्धं तिकीट आहे," बायको परस्पर म्हणाली. मार्च 2023पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं झालं, तेव्हापासून तिला महाराष्ट्र निम्म्या अंतरावर आल्यासारखा वाटतो.

मेव्हण्याचा मुद्दा वेगळाच होता. एवढं लांब जाता कशाला, डोक्यावर किल्ला आहे की! आहे खरा. नोव्हेंबर 1817मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज याच टेकडीवर भिडले होते. पण किल्ला लष्कराच्या ताब्यात, आणि लोकांना तो खुला होतो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला. आमची सुट्टी यांपैकी एकाही तारखेच्या वाटेला गेली नव्हती. म्हणून गच्चीतून दिसणारी टेकडी सोडून पन्नास किलोमीटरवरची बघायला निघायचं ठरलं.

मग गाडी मोरभवनातून धरायची की गणेशपेठेतून, यावर घरात दोन तट पडले. शेजारच्या काकांनी गॅलरीतूनच तिसरा पक्ष काढला: मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौक गाठायचा आणि कामठी रोडवर एसटीला हात करायचा, सेवाग्रामसाठी वर्ध्याला जाताना त्याच मार्गिकेने उलट खापरीपर्यंत जायचं. नकाशावर योजना बिनतोड होती. तेवढ्यात देवघरातून आवाज आला, "मेट्रोत मला पैसे पडतात न बावा."

या बायकोच्या आत्याबाई. पंचाहत्तरी ओलांडलेल्या. ऑगस्ट 2022पासून या वयाच्या माणसांना राज्यभर एसटी फुकट. त्यांना कुणी 'चला' म्हटलं नव्हतं. "माझं तिकीट लागत नाही, मी येऊन राहिली," एवढं सांगून त्यांनी बटव्यात आधार कार्ड ठेवलं.

"आजी, कुठं जायचं?" गणेशपेठहून गाडी सुटताच कंडक्टरने विचारलं.

"गाडी कुठवर जाते?" आत्याबाईंनी उलट विचारलं.

त्यांना रामटेकपुरतं आवरायला बायकोला कन्हान येईपर्यंत वेळ लागला. आत्याबाईंनी शून्य रुपयाचं तिकीट चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि घडी घालून बटव्यात ठेवलं. तिघांत मिळून दीड तिकीट. त्यातलं एक माझं.

रामटेकच्या गडावर राममंदिर, माकडं आणि कालिदासाचं स्मारक, असा क्रम लागतो. 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी साधार मांडलं. गडावर उभं राहिल्यावर मला त्या यक्षाबद्दल एकदम आपुलकी वाटली. वर्षभराची हद्दपारी, पैकी आठ महिने सरलेले, घरी अलकेत बायको उंबऱ्यावर फुलं ठेवून उरलेले दिवस मोजते आहे. अशा वेळी निरोप सरळ उत्तरेला धाडावा की नाही? तर हा मेघाला म्हणतो, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी चुकवू नकोस. वर, महाकालाची संध्याकाळची पूजा होईपर्यंत तिथे थांब. जोडसहलीचा हा आपल्याकडचा आद्य सल्लागार, आणि त्याचं वाहनही सार्वजनिकच! हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. "म्हणजे ती बिचारी दारात, आणि याला देवदर्शन सुचतंय," ती म्हणाली. तेवढ्यात एका वानराने आत्याबाईंच्या हातातली फुटाण्यांची पुडी नेली आणि संस्कृत साहित्य तिथेच राहिलं.

सेवाग्रामला वर्ध्याच्या स्टँडवरून पुढे ऑटो. "गांधीजी 30 एप्रिल 1936ला वर्ध्याहून इथे चालत आले होते," मी ऑटोवाल्याशी घासाघीस करताना म्हणालो. "त्यांचे गुडघे चांगले होते," म्हणत आत्याबाई आत बसल्यासुद्धा.

आश्रमात त्या दोन गोष्टींपाशी रेंगाळल्या. एक, साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप धरायचा तो लांब नेऊन सोडण्यासाठी. दुसरा, व्हाइसरॉय लिनलिथगोने बसवून दिलेला टेलिफोन. मातीच्या भिंती, बांबू, चटया, आणि त्यात थेट व्हाइसरॉयशी बोलायचं हे यंत्र. आत्याबाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत होत्या. मला वाटलं, भारावल्या. मग हळूच म्हणाल्या, "बिल कोण भरे?"

गावाचं मूळ नाव सेगाव. ते आणि बुलढाण्याकडचं शेगाव यांत गफलत होऊन गांधीजींची पत्रं तिकडे जायची, म्हणून 1940मध्ये सेवाग्राम हे नाव पडलं. ही गोष्ट मी आत्याबाईंना सांगायला नको होती, असं बायकोचं मत आहे. कारण वर्ध्याला परतल्यावर गोरस पाकाचे पुडे बांधून घेऊन आम्ही स्टँडवर आलो, तर आत्याबाई चौकशीच्या खिडकीशी उभ्या.

"शेगावची गाडी किती वाजता आहे, भाऊ?"

"आत्या, आमची रात्रीची रेल्वे आहे," मी म्हणालो.

"तुम्ही जा न मग. गजानन महाराजांचं दर्शन घेऊन मी येते बरोबर."

मी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. ती फलाटावरची पाटी वाचत होती. "नाहीतरी," ती म्हणाली, "मला अर्धंच पडतं."